तीन डास सापडले आणि जगभर बातमी झाली : आइसलँडचा निसर्ग खरंच 'अस्पर्शित' आहे का?

आपल्याकडे डास दिसला तर आपण टाळी वाजवतो आणि विषय संपतो. आइसलँडमध्ये ऑक्टोबर 2025 मध्ये तीन डास सापडले आणि त्याची बातमी जगभरातल्या वर्तमानपत्रांनी छापली. दोन माद्या आणि एक नर. बस, एवढेच.

बातमी होण्याचं कारण साधं होतं. तोपर्यंत आइसलँड हा जगातला डास नसलेला देश म्हणून ओळखला जायचा. तिकडे मोकळ्या निसर्गात डास सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. आता डासमुक्त म्हणून नाव घ्यायला अंटार्क्टिकाच उरलं.

आपल्या सोशल मीडियावर ही बातमी दोन प्रकारे फिरली. एक, 'ग्लोबल वॉर्मिंगमुळे बर्फाळ देशातही डास पोहोचले'. दोन, 'जगातला शेवटचा अस्पर्शित देशही संपला'. पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे. दुसरं तर मुळातच चुकीचं आहे. कारण आइसलँड अस्पर्शित कधीच नव्हतं, निदान गेली अकराशे वर्षं तरी नाही.

हे नीट समजून घेतलं की तिथल्या कोल्ह्यापासून देवमाशापर्यंत चाललेले वाद उलगडत जातात. म्हणून आधी डासांचंच बघू.

डास आले कुठून?

हे डास सापडले ते राजधानी रेक्याविकच्या उत्तरेला, क्योस नावाच्या भागात. पतंग पकडण्यासाठी एका स्थानिक माणसाने रेड वाइनमध्ये भिजवलेल्या दोऱ्या लावून ठेवल्या होत्या. त्यावर त्याला वेगळाच कीटक बसलेला दिसला. त्याने तो तज्ज्ञांकडे पाठवला आणि तो डासच निघाला. जातीचं शास्त्रीय नाव क्युलिसेटा अ‍ॅन्युलाटा. युरोपात ही जात सर्रास आढळते.

या जातीची खासियत म्हणजे तिला थंडी सोसते. थंडीत प्रौढ डास तळघरं, गोठे, कोठारं अशा आडोशाला बसून राहतात आणि उन्हाळा आला की बाहेर पडतात. म्हणजे हा डास आइसलँडमध्ये टिकायला तिथली हवा फार गरम व्हायलाच पाहिजे असं नाही.

मग तो आधीच का नव्हता? शेजारच्या ग्रीनलँडमध्ये आणि नॉर्वेमध्ये डासांचे अक्षरशः थवे असतात. याचं एक उत्तर नेहमी दिलं जातं. आइसलँडमध्ये शरद आणि वसंत ऋतूंत पाणी गोठतं, वितळतं आणि परत गोठतं. या ये-जा करणाऱ्या थंडीत डासांच्या कोषांना वाढ पूर्ण करायला सलग वेळ मिळत नाही. दुसरं उत्तर त्याहून सोपं आहे. देश चारी बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे, त्यामुळे डासाला तिथवर पोहोचायलाच कुणाची तरी मदत लागते.

आणि ती मदत आता रोज मिळते. डास सापडले तो भाग ह्वाल्फ्योर्धुर नावाच्या लांबलचक खाडीच्या बाजूला आहे. त्याच खाडीवर ग्रुन्दार्तांगी हे मालवाहू बंदर आहे. जहाजातून किंवा कंटेनरमधून डास आले असावेत, हा तज्ज्ञांचा संशय म्हणूनच पटण्यासारखा आहे.

हवामानबदलाचा यात काहीच हात नाही असंही नाही. मे 2025 मध्ये आइसलँडच्या पूर्वेकडे पारा 26 अंशांच्या वर गेला होता. आपल्याला ते महाबळेश्वर वाटेल, पण तिथल्या मे महिन्यासाठी तो विक्रम होता. उबदार दिवस वाढले तर आलेल्या पाहुण्याला मुक्काम करणं सोपं जातं. पण दार उघडलं ते व्यापाराने. आलेला डास टिकतो की नाही हे पुढचे काही हिवाळे ठरवतील.

माणसाच्या जहाजातून एखादा जीव येतो आणि बेट बदलून जातं, ही तिथली जुनीच गोष्ट आहे. तिची सुरुवात डासांनी झालेली नाही. ती मेंढ्यांनी झाली.

ते सुंदर रिकामे डोंगर पूर्वी रिकामे नव्हते

शाहरुख-काजोलच्या 'दिलवाले'मधलं 'गेरुआ' हे गाणं आठवतंय? काळी वाळू, मोडकं विमान, झाड नावाला नाही असे डोंगर. ते आइसलँड. त्यानंतर भारतीयांच्या इन्स्टाग्रामवर हा देश वारंवार दिसायला लागला. त्या फोटोंखाली एक शब्द हमखास असतो, 'अनटच्ड'.

आता थोडा इतिहास बघू. सुमारे 870 च्या दशकात नॉर्वेकडून आलेले लोक आइसलँडमध्ये वस्ती करू लागले. त्याआधी तिथे कायमची मानवी वस्ती नव्हती. बाराव्या शतकात लिहिलेल्या आइसलँडच्या पहिल्या इतिहासग्रंथात नोंद आहे की, लोक आले तेव्हा डोंगर आणि किनारा यांच्या मधली जमीन झाडांनी भरलेली होती. तलावांच्या तळाशी साठलेल्या जुन्या परागकणांचा अभ्यासही तेच सांगतो. त्या वेळी देशाचा 25 ते 40 टक्के भाग झाडीखाली असावा, असा वनखात्याचा अंदाज आहे.

ही झाडी मुख्यतः बर्चची. आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाचाच हा भाऊबंद. घरं बांधायला, लोखंड वितळवण्यासाठी लागणारा कोळसा करायला आणि गुरांना कुरणं काढायला लोकांनी झाडं तोडली. नवीन रोपं उगवली ती मेंढ्यांनी खाल्ली. भरीला ज्वालामुखीची राख आणि मधल्या काही शतकांची कडक थंडी. विसाव्या शतकाच्या मध्यावर जंगलाचा वाटा एक टक्क्याच्याही खाली गेला होता.

तिथे एक विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. आइसलँडच्या जंगलात वाट चुकलात तर काय करायचं? उभं राहायचं.

पण झाडं गेली एवढ्यावर हे थांबलं नाही. आइसलँडची माती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली, हलकी. मुळांनी धरून ठेवली तरच ती जागेवर राहते. मुळं गेल्यावर वारा आणि पाणी ती उचलून नेऊ लागले. मोठमोठे प्रदेश वाळवंटासारखे झाले. परिस्थिती इतकी बिघडली की 1907 मध्ये सरकारने माती वाचवण्यासाठी स्वतंत्र खातं काढलं. अशा कामासाठी निघालेलं हे जगातल्या सर्वांत जुन्या सरकारी खात्यांपैकी एक आहे.

सह्याद्री ज्या बेसॉल्ट खडकाचा आहे, त्याच खडकाचा आइसलँडही आहे. फरक वयाचा. आपला खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडमधला सर्वांत जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, आणि नवा खडक आजही लाव्हा थंड होऊन बनतोच आहे. त्यामुळे तिथलं ओसाड माळरान पाहून 'जमीनच नवी आहे, म्हणून उघडी आहे' असं वाटणं साहजिक आहे. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण ज्या डोंगरउतारांना आपण अस्पर्शित म्हणून लाइक करतो, त्यातले बरेच उतार हे अकराशे वर्षांच्या तोडीचा आणि चराईचा परिणाम आहेत.

आज झाडी वाढत वाढत दोन टक्क्यांच्या आसपास आली आहे. मेंढ्या मात्र अजूनही उन्हाळ्यात डोंगरावर मोकळ्या सोडल्या जातात आणि सप्टेंबरमध्ये घोड्यांवरून हाकत खाली आणल्या जातात. ती हाक, ती गर्दी, प्रत्येकाने आपापली मेंढरं वेगळी काढणं हा गावोगावचा सण असतो. त्यामुळे 'चराई बंद करा' असं म्हणणं तिथे फक्त पर्यावरणाचा मुद्दा राहत नाही. तो एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या पोटाचा आणि सणाचा मुद्दा होतो.

जांभळी फुलं : औषध की नवा आजार?

आइसलँडचे जूनमधले फोटो पाहिले तर मैलोन्‌मैल जांभळी फुलं दिसतात. ही ल्युपिन. फोटोला अप्रतिम. पण हे झाड मूळचं तिथलं नाही. 1945 मध्ये तेव्हाच्या वनप्रमुखांनी त्याचं बी अलास्काहून आणलं.

हेतू चांगला होता. ल्युपिन शेंगवर्गातलं, म्हणजे आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातलं. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आपला शेतकरी का म्हणतो? तेच तत्त्व. उघड्या, नापीक रेतीत काहीही उगवत नसताना ल्युपिन उगवतं आणि माती धरून ठेवतं.

काम झालंही. पण झाड थांबलं नाही. रेतीतून ते शेजारच्या हिरव्या माळांवर गेलं. तिथे शेवाळं, बोरांची ठेंगणी झुडपं आणि बारीक रानफुलं होती. ल्युपिन उंच वाढतं, सावली धरतं आणि खालच्यांना जगू देत नाही. आज सरकारी यादीत ते घुसखोर प्रजातींमध्ये मोजलं जातं.

लोकांचे सरळ दोन गट आहेत. एक म्हणतो, ल्युपिनमुळे वाळवंट हिरवं झालं, धुळीची वादळं कमी झाली, उपटायचं कशाला? दुसरा म्हणतो, आमची आजी ज्या माळावर बोरं वेचायची तो माळ नाहीसा झाला. दोघांकडेही पुरावे आहेत. अडचण एवढीच की दोघांच्या डोळ्यांसमोरचा 'खरा' आइसलँड वेगवेगळ्या काळातला आहे.

मूळचा कोण आणि पाहुणा कोण?

आइसलँडमध्ये जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी किती? उत्तर आहे, एक. आर्क्टिक कोल्हा. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, गोठलेल्या समुद्रावरून चालत तो पोहोचला आणि बर्फ वितळल्यावर तिथेच अडकला.

बाकी सगळे माणसाने आणले. काही मुद्दाम, काही नकळत. उंदीर जहाजांतून आले. रेनडिअर अठराव्या शतकात नॉर्वेहून आणले, लोकांना पाळायला मिळावेत म्हणून. पाळायचं जमलं नाही, पण पूर्वेकडे त्यांचे रानटी कळप आजही आहेत. मिंक हा पाणमांजराच्या कुळातला लहान प्राणी 1931 मध्ये फरच्या व्यवसायासाठी आणला. तो पिंजऱ्यांतून निसटला आणि काही दशकांत देशभर पसरला. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं तो फस्त करतो.

आता गंमत बघा. मूळचा रहिवासी असलेल्या कोल्ह्याला मारायला आइसलँडमध्ये शतकानुशतकं बक्षीस मिळत आलं आहे आणि आजही मिळतं. कारण तो कोकरं पळवतो आणि आयडर बदकांच्या घरट्यांवर धाड घालतो. आयडरची पिसं म्हणजे शेतकऱ्याचं महागडं उत्पन्न. उलट रेनडिअर परदेशातून आलेला, पण त्याचा कळप दिसला की पर्यटक गाड्या थांबवतात आणि त्याची शिकार ठरवून दिलेल्या कोट्यातच होते.

कोल्ह्याला निवांत जागा मिळाली ती वायव्येकडच्या हॉर्नस्ट्रान्डिर या राखीव प्रदेशात. तिथली शेवटची कुटुंबं गेल्या शतकाच्या मध्यावर गाव सोडून गेली. माणूस गेला, मेंढ्या गेल्या, गवत कमरेएवढं वाढलं. आता कोल्हे तिथे माणसांना फारसे घाबरत नाहीत.

आणि एक पाहुणा असा आहे ज्याला दारातच मरण येतं. ध्रुवीय अस्वल आइसलँडमध्ये राहत नाही, पण कधी कधी ग्रीनलँडकडून तुटलेल्या बर्फावरून वाहत येतं. सप्टेंबर 2024 मध्ये वायव्य भागात एका उन्हाळी घराजवळ असंच एक तरुण अस्वल आलं. घरात एक वयस्कर बाई एकट्या होत्या. त्या वरच्या मजल्यावर दार लावून बसल्या आणि अस्वल खाली कचरा उचकत होतं. पोलिसांनी पर्यावरण खात्याशी बोलून अस्वलाला गोळी घातली. सोशल मीडियावर संतापाची लाट आली. पण गुंगीचं औषध देऊन, पकडून, ग्रीनलँडला परत पोहोचवणं खर्चिक आणि बेभरवशाचं असतं. माणसाला धोका असेल तर मारण्याची मुभा कायदाच देतो.

बिबट्या गावात शिरला की आपल्याकडे जो वाद होतो, तोच हा वाद. फक्त तिथे हा पाहुणा क्वचितच येतो आणि त्याची जात जगातूनच संकटात आहे.

समुद्रातली खरी लढाई

आइसलँडचं जीवन जमिनीपेक्षा समुद्रात जास्त आहे आणि सर्वांत मोठे वादही तिथेच आहेत.

आधी पफिन. लाल-केशरी चोचीचा, सगळ्या दुकानांतल्या मऊ खेळण्यांवर दिसणारा पक्षी. जगातल्या अटलांटिक पफिनपैकी निम्म्याहून जास्त आइसलँडमध्ये पिल्लं घालतात. 2005 च्या सुमारास दक्षिण किनाऱ्याजवळच्या समुद्रात सँडईल हा बारीक मासा अचानक कमी झाला. समुद्राच्या पाण्याचं वाढलेलं तापमान हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पफिनची पिल्लं याच माशावर वाढतात. त्यामुळे कित्येक हंगाम बिळांत पिल्लं उपाशी मेली. 2015 मध्ये पफिनची नोंद जागतिक पातळीवर धोक्याच्या यादीत झाली.

वेस्टमन बेटांवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक सुंदर दृश्य दिसतं. बिळातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली पिल्लं गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात. मुलं पुठ्ठ्याचे खोके घेऊन रात्री ती गोळा करतात आणि सकाळी समुद्राकडे सोडून देतात. ही परंपरा जुनी आहे. पण पफिनची शिकार करून खाण्याची परंपराही तितकीच जुनी आहे आणि मर्यादित प्रमाणात ती अजून कायदेशीर आहे. एकाच बेटावर, एकाच पक्ष्याबद्दल, या दोन्ही गोष्टी.

मग मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. 2007 च्या सुमारापासून तो मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात येऊ लागला. त्याने कुणाचा व्हिसा घेतला नव्हता, पण कोटा कुणाचा यावरून आइसलँडचं युरोपियन युनियन आणि नॉर्वेशी वर्षानुवर्षं भांडण चाललं. म्हणजे समुद्राच्या बदलाने पफिनच्या पिल्लांची उपासमार केली आणि बोटवाल्यांना नवं उत्पन्न दिलं.

आणि देवमासा. व्यापारासाठी देवमाशांची शिकार करू देणारे जगात तीनच देश आहेत. नॉर्वे, जपान आणि आइसलँड. आंतरराष्ट्रीय बंदी 1986 मध्ये लागू झाली. आइसलँड 1992 मध्ये संबंधित आयोगातून बाहेर पडला, 2002 मध्ये बंदी न मानण्याची अट घालून परत आला आणि 2006 पासून व्यापारी शिकार पुन्हा सुरू झाली. शिकार होते ती मुख्यतः फिन व्हेलची, म्हणजे निळ्या देवमाशानंतरच्या जगातल्या दुसऱ्या मोठ्या प्राण्याची. मांस जातं जपानला.

2023 मध्ये तिथल्या सरकारी अन्न व पशुवैद्यक संस्थेने आदल्या हंगामाचा अहवाल दिला. मारलेल्या 148 देवमाशांपैकी 36 जणांवर एकाहून जास्त वेळा भाला डागावा लागला होता. काहींचा जीव जायला तासाच्या वर वेळ लागला. त्यानंतर मंत्र्यांनी शिकार ऐन हंगामाच्या तोंडावर थांबवली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये संसदेच्या लोकपालाने सांगितलं की ती स्थगिती कायद्याला धरून नव्हती. मग डिसेंबर 2024 मध्ये, निवडणूक झालेली आणि नवं सरकार यायचं असताना, काळजीवाहू सरकारने पाच वर्षांचे परवाने देऊन टाकले. दरवर्षी 209 फिन व्हेल आणि 217 मिंकी व्हेल.

पण 2025 च्या उन्हाळ्यात फिन व्हेलच्या शिकारीला एकही बोट निघाली नाही. कारण? जपानमध्ये मांसाला भाव नव्हता. आंदोलनं, अहवाल, मंत्र्यांचा आदेश यांना जे कायमचं जमलं नाही, ते त्या वर्षापुरतं बाजाराने करून टाकलं.

मारलेले देवमासे ज्या ठिकाणी आणून कापले जातात ते ठिकाणही ह्वाल्फ्योर्धुर खाडीतच आहे. या नावाचा अर्थच 'देवमाशांची खाडी'. डास सापडले ते याच खाडीच्या बाजूला. जग एका खाडीतून बाहेर काय पाठवतं आणि आत काय येतं, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

अजून एक नवं प्रकरण म्हणजे सामन. ऑगस्ट 2023 मध्ये वायव्येकडच्या एका खाडीतल्या मत्स्यशेतीच्या जाळ्याला भोकं पडली आणि सुमारे साडेतीन हजार पाळीव सामन मासे सुटले. हे नॉर्वेच्या जातीचे, लवकर वाढण्यासाठी निवडलेले. ते रानटी सामनच्या नद्यांत शिरले. जातींची सरमिसळ होऊ नये म्हणून नॉर्वेहून पाणबुडे बोलावून, नदीत भाल्याने एकेक मासा शोधून मारावा लागला. त्यानंतर रेक्याविकमध्ये मोठं आंदोलन झालं. गायिका ब्यर्क यांनी स्पॅनिश गायिका रोसालिया यांच्यासोबत एक गाणं काढून त्याचं उत्पन्न या न्यायालयीन लढ्याला दिलं. दुसऱ्या बाजूला, ज्या खेड्यांतून तरुण निघून जात होते तिथे याच मत्स्यशेतीने नोकऱ्या आणल्या, शाळा टिकल्या. तेही खोटं नाही.

फोटो काढायला जाताय? मग हेही वाचा

पर्यटकांचा आवडता फोटो म्हणजे योकुलसारलोन. निळ्या पाण्यावर तरंगणारे बर्फाचे डोंगर. हे सरोवर प्राचीन काळापासून तिथे आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते 1930 च्या दशकात, हिमनदी मागे सरकू लागल्यावर तयार झालं आणि ती जितकी मागे जाते तितकं मोठं होतं. आपण ज्याला निसर्गाचं सौंदर्य म्हणून टिपतो ते हिमनदीच्या माघारीचं चित्र आहे.

'ओक' नावाच्या हिमनदीबद्दल कदाचित तुम्ही वाचलं असेल. हिमनदी म्हणजे नुसता साठलेला बर्फ नव्हे. स्वतःच्या वजनाने जो हळूहळू वाहतो तो बर्फ. ओकचा बर्फ इतका पातळ झाला की तो वाहायचा थांबला. 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला हिमनद्यांच्या यादीतून काढलं आणि ऑगस्ट 2019 मध्ये तिथे स्मृतिफलक लावला. आजही देशाचा साधारण दहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे, पण तो दरवर्षी कमी होतो आहे.

पर्यटनाचं काय? देशाची लोकसंख्या चार लाखांच्याही आत, आणि वर्षाला येणारे पाहुणे वीस लाखांच्या वर. 2015 मध्ये जस्टिन बीबर यांच्या एका व्हिडिओत फ्याद्रार्ग्ल्यूफुर ही घळ दिसली. त्यानंतर तिथे इतकी गर्दी लोटली की पायवाटेबाहेरचं शेवाळ तुडवलं जाऊन चिखल झाला. 2019 मध्ये ती घळ काही काळ बंदच करावी लागली. लाव्हावरचं ते मऊ शेवाळ एकदा उखडलं की भरून यायला दशकं लागतात. म्हणूनच तिथे रस्ता सोडून गाडी घातली तर जबर दंड होतो.

मग वाचवायचं तरी काय?

आइसलँडमध्ये 'निसर्ग जसा होता तसा ठेवा' असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कधी जसा होता तसा? अकराशे वर्षांपूर्वीचा, जंगलाचा? शंभर वर्षांपूर्वीचा, मेंढ्यांचा आणि उघड्या डोंगरांचा? की आजचा, जांभळ्या फुलांचा? प्रत्येक उत्तरात कुणीतरी जिंकतं आणि कुणाचं तरी नुकसान होतं. शेतकऱ्याचं, कोल्ह्याचं, मच्छीमाराचं, नाहीतर ठेंगण्या बोरांच्या झुडपाचं.

'अस्पर्शित' हा शब्द हा हिशोबच झाकून टाकतो. जिथे माणसाने काही केलंच नाही असं आपण मानतो, तिथे दुरुस्तीची जबाबदारीही कुणावर येत नाही. उलट हे डोंगर आमच्या मेंढ्यांनी उघडे केले हे मान्य केलं, म्हणून 1907 मध्ये माती वाचवायचं काम सुरू झालं. पिल्लं आमच्या दिव्यांना भुलतात हे ठाऊक आहे, म्हणून मुलं खोके घेऊन बाहेर पडतात. ज्या ज्या ठिकाणी आइसलँडने काही वाचवलं, तिथे आधी आपला हात कबूल केला.

हवामानाचं प्रकरण मात्र याहून कठीण आहे. डोंगरावरच्या मेंढ्या आइसलँड मोजू शकतो, मिंक पकडू शकतो, शिकारीचा परवाना देऊ किंवा थांबवू शकतो. पण ओकचा बर्फ पातळ करणारा धूर बहुतांशी बाहेरच्या जगाचा आहे. चार लाखांहून कमी लोकांचा देश तो एकट्याने थांबवू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'आइसलँडमध्ये डास' अशी पोस्ट दिसली तर हसून पुढे जाऊ नका आणि जगबुडीची कमेंटही टाकू नका. एवढं लक्षात ठेवा की त्या तीन डासांच्या आधी त्याच वाटेने मेंढ्या आल्या, उंदीर आले, मिंक आला, ल्युपिन आलं. प्रत्येक वेळी आणणारा माणूसच होता. आणि प्रत्येक वेळी, आलेल्याचं पुढे काय करायचं हे ठरवायला पुढच्या पिढ्यांना भांडावं लागलं.